उधारीची वही आणि आयुष्याचा हिशेब

गरिबाला काटकसर जमत नाही, असे आपण सहज बोलून जातो. मुंबईच्या गिरणगावाचा इतिहास मात्र वेगळेच सांगतो.

सुगीनंतर भाव उतरले की गहू, तांदूळ, तूरडाळ भरून वर्षाची बेगमी करायची, ही मध्यमवर्गीय घराची जुनी रीत. तिला दोन गोष्टी लागतात : एकरकमी पैसा आणि साठवणीला जागा. चाळीच्या एका खोलीत संसार करणाऱ्या गिरणी कामगाराकडे दोन्ही नव्हते.

त्यात पगाराची पद्धत. महिना भरल्यावर पुढचे आठ-पंधरा दिवस गेले की पगार व्हायचा. गावाहून आलेल्या नव्या गड्याला पहिला पैसा दिसायला दीड महिना लागे. तोवर चूल पेटायची ती दुकानदाराच्या वहीवर. एकदा वहीत नाव चढले, की दुसऱ्या दुकानात स्वस्त मिळाले तरी जायची सोय नसे.

१९२१-२२ मध्ये मुंबई सरकारच्या मजूर कार्यालयाने कामगारांच्या घरखर्चाची पाहणी केली. फिंडले शिरास यांचा अहवाल १९२३ मध्ये निघाला. निम्म्याहून अधिक खर्च अन्नावर होत होता आणि शेकडा ४७ कुटुंबे कर्जात होती. व्याजाचा नेहमीचा दर रुपयामागे महिना एक आणा. ऐकायला किरकोळ, पण वर्षाचे बारा आणे, म्हणजे शेकडा ७५!

आता सारख्याच पगाराचे दोघे डोळ्यांसमोर आणा. एक रोखीने घेतो, दुसरा उधारीने. महिन्याचा फरक थोडाच, पण तीस वर्षांनी एकाच्या गाठीला चार पैसे असतात, दुसरा रिकाम्या हाताने गावी परततो. भविष्यनिर्वाह निधीचा कायदा आला १९५२ मध्ये. त्याआधी म्हातारपणाला आधार होता तो या शिलकीचाच.

उपाय झाले. १९३६ च्या वेतन कायद्याने पगार सात ते दहा दिवसांत देणे बंधनकारक केले. १९४८ मध्ये नायगावात कामगारांनी सहकारी भांडार काढले, तेच ‘अपना बाजार’. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली आणि शेजारची कुटुंबे एकत्र येऊन महिन्याचे सामान घाऊक भावाने घेऊ लागली.

मला यात एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. या उपायांनी कामगाराला काटकसर शिकवली नाही. ती त्याला येतच होती. त्यांनी त्याला वेळेवर पैसा आणि रास्त भाव मिळवून दिला. पावशेर डाळ घेणाऱ्याला हिशेब कळत नाही, असे म्हणण्याआधी त्याचा पगार कधी होतो, हे विचारावे.