छपराखालचा पहारा

पवनेच्या काठी वसलेले पुनावळे हे गाव 1997 साली आसपासच्या गावांबरोबर पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत आले, आणि ज्या शिवाराची ओळख तोवर दप्तरात जिरायत-बागायत अशा सदरांखालीच होत असे, तेथे कात्रज–देहूरोड बाह्यवळणाच्या आश्रयाने गोदामे आणि उत्तुंग निवासी संकुले उभी राहू लागली. पिंपरीला 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, 1962 मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले, आणि त्यानंतर या टापूत कारखान्यांची जी अखंड रांग लागली, तिनेच पुढे चाकणपर्यंत पत्र्याची उंच, खांबविरहित छपरे पसरवली. या छपरांखाली पहारा कोणी आणि कसा करावा, हा प्रश्न मला या परिसराच्या इतिहासात उत्पादनाच्या आकड्यांइतकाच महत्त्वाचा वाटतो.

पुणे प्रांतातील जुन्या गावगाड्यात रात्रीच्या राखणीचे काम वहिवाटीने जागल्या आणि रामोशी यांच्याकडे असे, आणि गंजीला आग लागली तर ती प्रथम दिसण्याचा संभव त्यांच्याच जागत्या नजरेला. परंतु आग एकदा लाकडात शिरली की नजरेचा उपयोग सरतो. 27 फेब्रुवारी 1828 रोजी शनिवारवाड्यात भडकलेली आग कित्येक दिवस विझली नाही, आणि पेशवाईच्या त्या वास्तूचे आज तट, दरवाजे आणि जोती एवढेच उरले आहे. बंदोबस्ताचे सारे यश अशा वेळी पहिल्या काही मिनिटांवर अवलंबून असते.

ती मिनिटे यंत्राने हेरावीत, ही कल्पना विसाव्या शतकात फलद्रूप झाली. 1930 नंतरच्या दशकात वॉल्टर येगर हा स्विस शास्त्रज्ञ विषारी वायू ओळखणारे उपकरण सिद्ध करण्याच्या खटपटीत होता. वायूने त्याच्या मापकाचा काटा हलला नाही, तो हलला सिगारेटच्या धुराने, असे सांगतात. त्या मार्गाने पुढे जी छोटी धूरशोधक यंत्रे आली, ती खोलीच्या छताला उत्तम शोभली; पण पंधरा मीटर उंचीच्या शेडमध्ये धूर त्यांच्यापर्यंत पोहोचेतो विरळ होऊन जातो, आणि त्यांची सफाई करायची तर दरवेळी शिडी किंवा उचलयंत्र आणावे लागते.

बीम डिटेक्टरची तजवीज निराळी आहे. एका भिंतीवरून अवरक्त किरण सोडावयाचा, तो समोरच्या भिंतीवर स्वीकारावयाचा किंवा तेथील परावर्तकावरून परत आणावयाचा, आणि वाटेत धुराने त्याची तीव्रता ठरावीक प्रमाणात, पुष्कळ यंत्रांत सुमारे 35 टक्के, घटली की इशारा द्यावयाचा. सुमारे 100 मीटरचे अंतर एकच जोडी सांभाळू शकते, आणि सपाट छताखाली रेषेच्या दोहो बाजूंना साडेसात मीटरपर्यंतचा पट्टा तिच्या पहाऱ्यात आला असे सामान्यतः धरतात. किरण एकाएकी पूर्ण अडला तर यंत्र आगीचा नव्हे, बिघाडाचा इशारा देते, कारण धूर असा क्षणार्धात दाटत नाही. क्रेन किंवा चढवलेला माल मात्र किरणाला क्षणार्धात अडवतो.

रेषा कोठे ओढावी, यातच या कामाची खरी परीक्षा आहे. छपरापासून 30 ते 60 सेंटिमीटर खाली, असा साधा नियम. पण चैत्र-वैशाखात पत्रा तापून त्याच्या खाली उष्ण हवेचा जाड थर साचला, की पुठ्ठ्याच्या खोक्यात धुमसणाऱ्या आगीचा मंद धूर वर चढता चढता थंड होतो आणि त्या थराला भेदू न शकल्यामुळे खालीच आडवा पसरतो. वरची रेषा तेव्हा निर्धोक राहते आणि खाली माल धुमसत असतो. म्हणून जाणता तंत्रज्ञ आणखी खाली दुसरी रेषा घेतो, आणि त्या पातळीवर धुराचा स्तंभ अजून अरुंद असल्यामुळे रेषांतील अंतरही कमी करतो. उपकरण कशावर बसवावे याचाही विचार त्याला करावा लागतो: लोखंडी सांगाडा दुपारी प्रसरण पावतो, रात्री आकसतो, आणि यंत्रापाशी जो कोन केसभर बदलतो तो शंभर मीटरवर किरणाला परावर्तकाबाहेर ढकलू शकतो, पत्र्याच्या आवरणापेक्षा मजबूत खांब किंवा बांधीव भिंत त्याला पसंत पडते ती यासाठीच. उचलयंत्रावर उभे राहून तो फिरकीचे स्क्रू सूत-सूत फिरवतो, सिग्नलचा आकडा सर्वाधिक येईल तेथे थांबतो, आणि मग ठरावीक गडदपणाची गाळणी किरणासमोर धरून यंत्र खरोखर हाक देते की नाही हे पडताळतो. या दीड-दोन तासांच्या कष्टाला कमी लेखणारा मालक मोठी चूक करतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 हा 6 डिसेंबर 2008 पासून अमलात आला, आणि यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक अभिकरणाचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारीत व जुलैत सादर करण्याचे उत्तरदायित्व मालकावर वा भोगवटादारावर आले. परंतु नकाशा मंजूर होतो तो बहुधा रिकाम्या शेडचा. पुढे रॅक वाढतात, पोटमाळा चढतो, भाडेकरू बदलतो, आणि सहामाही तपासणीत यंत्राची नोंद होऊनही ज्या हवेची राखण करण्यासाठी ते बसवले ती हवा कोठे उरली, हे विचारायचे राहून जाते. प्रत्येक रेषेची उंची, लांबी आणि तिच्याखाली मोकळी राखावयाची जागा प्रमाणपत्राबरोबर लेखी असावी, आणि रॅकचा एकही कप्पा वाढवण्यापूर्वी ती नोंद तपासली जावी, एवढी दुरुस्ती आपल्या वहिवाटीत होणे अगत्याचे आहे.