आंद्रे 'ट्रेलो' आबेग्लेन आणि स्वित्झर्लंडचा 'अडसर' : एक फेरविचार

९ जून १९३८ रोजी पॅरिस येथे विश्वचषक स्पर्धेत स्वित्झर्लंडने जर्मनीचा ४-२ असा पराभव केला. फुटबॉलच्या इतिहासलेखनात या विजयाचे श्रेय सामान्यतः प्रशिक्षक कार्ल रापान यांच्या 'अडसर' या बचावप्रधान व्यूहरचनेला दिले जाते. प्रस्तुत लेखात आंद्रे आबेग्लेन यांच्या कारकिर्दीच्या आधारे या मताचा फेरविचार केला आहे.

आबेग्लेन यांचा जन्म १९०९ चा. 'ट्रेलो' हे त्यांचे टोपणनाव. थोरले बंधू माक्स हे १९२४ च्या ऑलिंपिकमधील रौप्यपदक विजेत्या संघात होते. ट्रेलो यांची खरी जडणघडण मात्र फ्रान्समधील व्यावसायिक फुटबॉलमध्ये झाली. १९३४-३५ च्या हंगामात त्यांनी सोशो संघाकडून ३० गोल केले आणि संघ फ्रान्सचा विजेता ठरला. असा आक्रमक खेळाडू रापान यांच्या संघात होता, ही बाब सहसा दुर्लक्षिली जाते.

मार्च १९३८ मध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केला होता व जर्मन संघात ऑस्ट्रियन खेळाडूंचा समावेश करण्यात आला होता. त्यामुळे स्वित्झर्लंडमध्ये या सामन्याला राष्ट्रीय अस्मितेचे रूप येणे स्वाभाविक होते. ४ जूनची पहिली लढत १-१ अशी बरोबरीत सुटली. बरोबरीचा गोल ट्रेलो यांचाच. फेरलढतीत अडसर असूनही स्वित्झर्लंडवर २२ मिनिटांतच दोन गोल झाले. (त्यांपैकी एक स्वतःच्याच खेळाडूकडून झाला, हे मान्य करावयास हवे.) पुढे वालाशेक व बिकेल यांनी बरोबरी साधली आणि ७५ व ७८ व्या मिनिटांस ट्रेलो यांनी निर्णायक गोल केले. म्हणजे दोन्ही लढतींतील पाच स्विस गोलांपैकी तीन एकट्याचे. अडसरामुळे संघ सामन्यात टिकून राहिला, एवढे निश्चित म्हणता येईल. परंतु बचावाने विजय मिळवून दिला, हे विधान घटनाक्रमाशी जुळत नाही. तीनच दिवसांनी लील येथे हंगेरीविरुद्ध स्विस आघाडीस एकही गोल करता आला नाही, आणि तोच अडसर असताना संघ ०-२ असा हरला.

त्यानंतर ट्रेलो जिनिव्हाच्या सर्वेट संघाचे खेळाडू-प्रशिक्षक झाले. सप्टेंबर १९३९ मध्ये देशात लष्करी जमवाजमव होऊन तरुण सीमेवर गेले. त्याच हंगामात, १९३९-४० मध्ये, सर्वेटने राष्ट्रीय विजेतेपद पटकावले. पुढे ला शो-द-फों संघातही त्यांनी हीच दुहेरी जबाबदारी सांभाळली. १९४४ मध्ये रेल्वे अपघातात त्यांचा अंत झाला, तेव्हा ते पस्तीस वर्षांचे होते.