कोपऱ्यातला दीड मिलिमीटर

अंजनगाव सुर्जी इतिहासाच्या पुस्तकात येतं ते ३० डिसेंबर १८०३ च्या तहापुरतं. गाविलगड पडल्यावर दौलतराव शिंदे आणि इंग्रज यांच्यात तो इथं झाला. गावाची रोजची ओळख मात्र पानमळ्यांची, कापसाची आणि त्यांवर चालणाऱ्या पेठेची. अशा वऱ्हाडी पेठांत दुकानाच्या पाट्याही स्थित्यंतरं पाहत आल्या, पण त्यांची बखर कोण ठेवतो!

एके काळी पाटी म्हणजे पेंटर. पत्र्याला अस्तर द्यायचं, खडू लावलेल्या दोरीनं सूत मारायचं आणि इनॅमल रंगाचा ब्रश चालवायचा. शिरोरेषा सरळ आली की अर्धं काम झालं. हात हलला तर रंग ओला असेतो चिंधीनं पुसता येई. ही सवलत पुढच्या कोणत्याच साधनानं दिली नाही.

ॲक्रिलिक आलं ते दूरच्या कारखान्यांतून. १९३० च्या दशकात इंग्लंडमध्ये ‘पर्स्पेक्स’ आणि जर्मनीत ‘प्लेक्सिग्लास’ या नावांनी त्याचे तक्ते निघू लागले. दुसऱ्या महायुद्धात ते लढाऊ विमानांच्या काचांसाठी वापरले गेले, पुढं दुकानांवर चढले. आपल्याकडं कारागीर जिगसॉनं अक्षर कापत, कानस मारत, पॉलिश पेपरनं कड घासत आणि क्लोरोफॉर्मनं जोड चिकटवत. काम देखणं, पण वेळखाऊ. फ्लेक्सची छपाई आली तेव्हा पेंटर आणि हा कारागीर दोघंही मागं पडले.

अक्षरं कापायला पुढं आकड्यांवर चालणारं यंत्र आलं. त्याचं मूळ हेलिकॉप्टरच्या पात्यांत आहे. पात्यांचे अचूक साचे हवेत म्हणून अमेरिकेतल्या जॉन पार्सन्स यांनी खटपट सुरू केली आणि १९५२ मध्ये एमआयटीनं तसं मिलिंग यंत्र चालवून दाखवलं. त्याच घराण्यातला सीएनसी राउटर आज पाट्यांची अक्षरं कापतो.

राउटरवर नवखा माणूस एक चूक हमखास करतो. कड स्वच्छ यावी म्हणून यंत्र हळू चालवतो. लाकडावर ते खपून जातं, ॲक्रिलिकवर नाही. हे प्लास्टिक साधारण १०५ अंशांना मऊ पडतं. बिट, म्हणजे राउटरचं फिरतं कापणारं टोक, एका जागी रेंगाळलं की कापण्याऐवजी घासतं, वितळलेला चुरा बिटला चिकटतो आणि मागची फट पुन्हा जुळते. जाड कीस निघाला तर तोच उष्णता बाहेर घेऊन जातो. म्हणून एकाच धारेचं बिट, वरून हवेचा झोत आणि वेग भरपूर. मिनिटाला १८,००० फेरे आणि दर फेऱ्याला ०.१५ मिलिमीटरचा कीस धरला तर बिट मिनिटाला २.७ मीटर सरकायला हवं. शीटही पाहून घ्यावी लागते. साच्यात ओतून केलेली ‘कास्ट’ शीट सुटा कीस देते. दाबून काढलेली ‘एक्स्ट्रुडेड’ स्वस्त, पण लवकर चिकट होते.

देवनागरीची अडचण वेगळीच. रोमन अक्षरांतही आतले कोपरे असतात, पण इथं जवळजवळ प्रत्येक उभा दंड शिरोरेषेला काटकोनात मिळतो. बिट गोल असल्यामुळे ३ मिलिमीटरचं बिट अशा प्रत्येक कोपऱ्यात दीड मिलिमीटर त्रिज्येची गोलाई सोडतं. मोठ्या पाटीवर ती दिसत नाही, छोट्या नावात अक्षर सुजल्यासारखं वाटतं. दुकानांविषयीच्या कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनं महाराष्ट्रातल्या लहान दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची केली आणि सर्वोच्च न्यायालयानं २५ सप्टेंबर २०२३ रोजी मुंबईतल्या व्यापाऱ्यांना त्यासाठी दोन महिने दिले. कायद्यात अक्षरांच्या आकाराची अट आहे, कोपऱ्यांची नाही.

लेसर हा कोपरा नेमका कापतो, ॲक्रिलिकची कडही काचेसारखी चमकवतो. पण सनबोर्ड म्हणून विकला जाणारा पीव्हीसी फोम त्याच्याखाली ठेवला तर हायड्रोजन क्लोराइडचा विषारी धूर निघतो, माणसाला आणि यंत्राला दोघांनाही घातक. त्यामुळं सनबोर्डची अक्षरं राउटरवरच कापायची, आणि शिरोरेषेखालचे कोपरे टोकदार हवे असतील तर पुन्हा कानस हातात घ्यायची.