शी ते फ्रीझर

शीर्षक वाचून नाक मुरडू नका! पाण्याच्या तपासणीत ज्याचं नाव हमखास येतं, त्या ई-कोलायचा शोध बाळाच्या शीतच लागलाय. १८८५ साली म्युनिकमध्ये थिओडोर एशेरिश या बालरोगतज्ज्ञाने तान्ह्या बाळांच्या शीतले जीवाणू वाढवून पाहिले. त्यात हवेत झपाट्याने वाढणारा हा गडी सापडला.

मग १८९९ च्या सुमारास पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये आंरी तिसिएने ऑक्सिजन पोचणार नाही अशा पद्धतीने जीवाणू वाढवले. निघाला वेगळाच, दोन फांद्या फुटलेला बिफिडो. आईच्या दुधावरच्या बाळांत तो भरपूर! म्हणजे रीत बदलली आणि उत्तरच बदललं.

पुढे डीएनए वाचता यायला लागला. मेलेले जीवाणूही मोजता येतात म्हटल्यावर वाटलं, सुटलो! पण गोची अशी, की डायपरमधली शी म्हणजे फोटो नव्हे. ती जिवंत असते. सगळं मनासारखं मिळालं तर ई-कोलाय साधारण २० मिनिटांत दुप्पट होतो.

२०१२ मध्ये सुरू झालेल्या 'अमेरिकन गट प्रोजेक्ट'मध्ये लोक आपले नमुने साध्या टपालाने पाठवत. वाटेतच काही जीवाणू वाढतात, असं २०१७ मध्ये संशोधकांनी दाखवलं. ई-कोलायचे भाईबंद त्यात होतेच. उपाय काय, तर त्यांच्या नोंदी डेटातून गाळायच्या. आम्ही लॉगमधला कचरा गाळतो तसंच. मोठ्या माणसांत हे खपून जाईल. पण तान्ह्या बाळाच्या पोटात ई-कोलाय खरोखरच भरपूर असू शकतो. गाळला तर खरं गेलं, ठेवला तर टपालातली वाढ मोजली!

म्हणून नमुना घेतल्या घेतल्या घड्याळ थांबवायचं. उणे ८० अंशांचा फ्रीझर उत्तम, पण तो सगळीकडे कुठून आणणार? ९५ टक्के अल्कोहोलही चालतं, ७० टक्क्यांचं मात्र नीट टिकवत नाही. शिवाय अल्कोहोलमधले बहुतेक जीवाणू पुन्हा वाढवता येत नाहीत, ते वेगळंच.

आता समजा, शहरातले नमुने फ्रीझरमध्ये ठेवले आणि खेड्यातले अल्कोहोलमध्ये. मग दिसलेला फरक बाळांतला की बाटल्यांतला? अपुऱ्या दिवसांच्या बाळाला कुठले जीवाणू पाजावेत हे अशा तुलनेवरून ठरणार असेल, तर हा प्रश्न क्षुल्लक नाही.

असो. 'बाळांच्या पोटात अमुक जीवाणू जास्त' अशी बातमी पुन्हा दिसली, की आधी एवढंच विचारा: शी आणि फ्रीझर यांच्यात किती तास गेले?