बिब्बा

आपला इतिहास आजीच्या मलमाच्या डबीतही आहे. लातूरच्या डाळमिलमध्ये पोती वाहून माझ्या टाचा फुटल्या की ती करडीच्या तेलात मेण वितळवते, बिब्ब्याला तापली सुई टोचून एकच थेंब सोडते. जादा पडला तर कातडं जळतं. बिब्बा फोडणाऱ्या बायांचे हात बघा. हाच बिब्बा नजर लागू नये म्हणून लोक लिंबू-मिरचीसंगं दारावर टांगतात.

आमच्याही दारावर होता. 1956 ला बाबासाहेबांनी नागपुरात धम्म घेतला. त्यानंतर पणजीनं तो उतरवला, मलमावर फुंकायचा मंतर सोडला. मलम ठेवलं.

परवा नांदेडचा एक कार्यकर्ता 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा सांगून म्हणाला, "फेका ही डबी." आजी म्हणाली, "लेकरा, आधी टाच दाव."