पुरेसेपणदर्शक इंग्रजी शब्द

वस्तू, पैसा, वेळ किंवा गुण गरजेइतका आहे हे सांगण्यासाठी इंग्रजीत वापरल्या जाणाऱ्या शब्दांच्या या गटात ‘इनफ’, ‘सफिशंट’, ‘ॲडिक्वेट’, ‘ॲम्पल’ आणि ‘प्लेंटी’ हे प्रमुख होत. द्वैभाषिक कोशांत त्यांच्यापुढे ‘पुरेसा’ आणि ‘पर्याप्त’ हे प्रतिशब्द आलटून पालटून दिलेले आढळतात, त्यामुळे ते एकमेकांच्या जागी चालतील असा समज होतो. प्रत्यक्षात पुरेसे कशाला म्हणायचे याचे माप शब्दागणिक बदलते. ‘इनफ’चे माप म्हणजे बोलणाऱ्याला भासणारी गरज, ‘सफिशंट’चे ठरलेले प्रयोजन आणि ‘ॲडिक्वेट’चे बाहेरून लावलेली किमान पातळी, ‘ॲम्पल’ व ‘प्लेंटी’ यांत गरज भागून काही उरण्याची कल्पना असते.

‘इनफ’ हा यांतील सर्वांत जुना आणि अस्सल जर्मानिक शब्द असून जर्मन ‘गेनूग’ हा त्याचा सख्खा भाऊबंद आहे. ‘पोहोचणे, गाठणे’ अशा अर्थाच्या ज्या इंडो-युरोपीय धातूपासून तो आला, त्याच धातूपासून संस्कृतातील ‘अश्नोति’ हे क्रियापद निघाले. लॅटिन ‘प्लेनुस’वरून फ्रेंचमार्गे आलेला ‘प्लेंटी’ मात्र संस्कृत ‘पूर्ण’च्या कुळातला, म्हणजे ओघानेच मराठी ‘पुरणे’ व ‘पुरे’ यांचा दूरचा नातेवाईक ठरतो. ‘इनफ’चे व्याकरणही वेगळे आहे : नामापूर्वी आणि विशेषणानंतर अशी त्याची दुहेरी जागा असल्यामुळे पुरेसा पैसा ‘इनफ मनी’ होतो, पण पुरेसा चांगला ‘गुड इनफ’ होतो. मोजता येण्याजोग्या अनेक वस्तूंसाठी ‘इनाउ’ असे वेगळे अनेकवचनी रूप पूर्वी प्रचारात होते. ते आता काही बोलींत आणि जुन्या काव्यातच उरले आहे. ‘स्ट्रेंजली इनफ’ म्हणजे ‘नवल असे की’, यांसारख्या प्रयोगांत तर परिमाणाचा अर्थ जवळजवळ पुसला गेला आहे. वाद किंवा गोंगाट थांबवण्यासाठी एकट्या ‘इनफ’ने जे साधते, म्हणजे मराठीत ‘पुरे!’ म्हटल्याने जे होते, ते ‘सफिशंट’ने साधत नाही, कारण तो शब्द कागदाचा आहे.

‘पुरवणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून निघालेला ‘सफिशंट’ चौदाव्या शतकात इंग्रजीत आला आणि कायदा, तर्क व गणित यांत स्थिरावला. एखाद्या संख्येला चारने भाग जाणे ही ती सम असण्याची ‘सफिशंट’, म्हणजे पर्याप्त, अट आहे, परंतु ती आवश्यक अट नव्हे, हे या शास्त्रीय अर्थाचे सोपे उदाहरण होय. माणसासाठी वापरल्यास या शब्दाचा अर्थ एकेकाळी ‘पतदार’ असा होई : शेक्सपिअरच्या ‘द मर्चंट ऑफ व्हेनिस’मध्ये शायलॉक अँटोनियोला चांगला म्हणतो ते त्याच्या शीलाविषयी नसून त्याच्या पतीविषयी आहे, असा खुलासा तो स्वतःच याच शब्दाने करतो.

‘सफिशंट’ आणि ‘ॲडिक्वेट’ यांतील भेद करारविषयक कायद्यात जितका धारदार झाला तितका अन्यत्र झाला नाही. प्रतिफल, म्हणजे वचनाच्या बदल्यात दिलेला मोबदला, ‘सफिशंट’ असला पाहिजे, ‘ॲडिक्वेट’ नसला तरी चालेल, असे इंग्लिश कायद्याचे तत्त्व आहे. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने त्याला काही मूल्य हवे, मात्र ते मिळणाऱ्या वस्तूच्या तोलाचे असण्याची गरज नाही. ‘समान’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून ‘ॲडिक्वेट’ तयार झाला असल्यामुळे ही वाटणी व्युत्पत्तीलाही धरून आहे. १९६० च्या चॅपेल विरुद्ध नेस्ले या खटल्यात चॉकलेटची तीन रिकामी वेष्टने, जी कंपनी फेकूनच देत असे, तीही प्रतिफलाचा भाग आहेत असे हाउस ऑफ लॉर्ड्सने ठरवले. भारतीय करार कायदा, १८७२ याच्या कलम २५ मधील स्पष्टीकरणही याच वळणाचे आहे : हजार रुपयांचा घोडा दहा रुपयांना विकण्याचा करार, संमती मोकळेपणाने दिलेली असल्यास, केवळ मोबदला अपुरा म्हणून रद्दबातल ठरत नाही, मात्र संमती खरोखर मोकळी होती का, हे पाहताना न्यायालय तो अपुरेपणा विचारात घेऊ शकते.

न्यायालयाबाहेर ‘ॲडिक्वेट’ची किंमत उतरली आहे. एखाद्या गायनाला किंवा पुस्तकाला हे विशेषण लावणे म्हणजे चालण्याजोगे, पण विशेष काही नाही, असे सभ्यपणे सांगणे होय, आणि ज्याच्याविषयी ते लिहिले जाते त्याला ते क्वचितच आवडते. उलट, ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ व मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी ‘गुड इनफ’ हे साधे शब्द आईला लावले तेव्हा ते तिला दिलासा देणारे ठरले, कारण आई परिपूर्ण असण्याची गरज नाही असे त्यांचे प्रतिपादन होते.

चरितार्थापुरते उत्पन्न या अर्थाने ‘कॉम्पिटन्स’ हा शब्द अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत रूढ होता. तो किती सापेक्ष आहे हे जेन ऑस्टिनच्या ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’ (१८११) या कादंबरीतील एका संवादात नेमके दिसते : पैशाला तुच्छ लेखणाऱ्या मेरिअ‍ॅनला चरितार्थापुरते म्हणून वर्षाला अठराशे ते दोन हजार पौंड हवे असतात, तर तिची व्यवहारी बहीण एलिनॉर हजार पौंडांनाच श्रीमंती समजते. आज हा शब्द प्रामुख्याने ‘कार्यक्षमता’ या अर्थाने उरला आहे.

‘पुरेसे’ या अर्थाच्या लॅटिन ‘सातिस’ची इंग्रजीतील संतती मोठी आहे. समाधान देणे या अर्थाचा ‘सॅटिस्फाय’ तिच्यात उघड दिसतो, ‘ॲसेट’ मात्र ओळखू येत नाही. मृताचे कर्ज फेडण्याइतकी मालमत्ता असणे, या कायदेशीर फ्रेंच प्रयोगातील ‘पुरेसे’ अर्थाचा शब्द इंग्रजीत ‘ॲसेट्स’ झाला. त्याच्या शेवटचा ‘स’ अनेकवचनाचा समजला गेला आणि ‘ॲसेट’ हे एकवचन एकोणिसाव्या शतकात मागाहून घडवले गेले. ‘सॅड’ हा लॅटिनमधून आलेला नसला तरी ‘सातिस’च्याच इंडो-युरोपीय कुळातला आहे : जुन्या इंग्रजीत तो ‘पोट भरलेला, धालेला’ या अर्थाचा होता, तेथून तो जड, मग गंभीर आणि शेवटी दुःखी झाला, तर जर्मन ‘झाट’ आजही पोटभर जेवलेल्याचाच वाचक आहे.

‘सॅटिस्फाय’चेच एक जुने बोलीरूप अर्थशास्त्रात पुन्हा रुजले. हर्बर्ट सायमन यांनी १९५६ मध्ये ‘सॅटिस्फाइस’ हे क्रियापद वापरात आणले. उत्तर इंग्लंडमधील नॉर्थम्ब्रियाच्या बोलीतील शब्द अशी त्याची नोंद ऑक्सफर्ड कोशात असल्याचे त्यांनीच सांगितले आहे. माहिती, वेळ आणि बुद्धी मर्यादित असलेला माणूस सर्वोत्तम पर्याय शोधत बसत नाही, तर मनाशी धरलेल्या पातळीला उतरणारा पहिला पर्याय सापडताच शोध थांबवतो, आणि अपेक्षेप्रमाणे पर्याय मिळत नसतील तर ती पातळीच खाली आणतो, असा त्याचा पारिभाषिक अर्थ आहे. आर्थिक संस्थांमधील निर्णयप्रक्रियेवरील संशोधनासाठी सायमन यांना १९७८ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.