उजनीच्या वाटेवरचे सोलापूर

२८ जानेवारी २०१६ रोजी स्मार्ट सिटी अभियानातील पहिल्या २० शहरांची यादी जाहीर झाली. महाराष्ट्रातून तीत दोनच नावे होती, पुणे आणि सोलापूर. दोन्ही शहरे भीमेच्या एकाच खोऱ्यातली. मी बार्शी तालुक्यातल्या वैरागचा. उपसा सिंचन योजनेतून उजनीचे पाणी तालुक्याला येणार, हे ऐकतच माझी पिढी वाढली. म्हणून ही यादी मला नदीच्या बाजूने वाचावीशी वाटते.

अभियानाची रचना साधी होती. केंद्राने प्रत्येक शहराला पाच वर्षांत ५०० कोटींपर्यंत द्यायचे, तेवढाच वाटा राज्य व महापालिकेने उचलायचा, काम मात्र स्वतंत्र कंपनीने करायचे. सोलापुरात ती ‘सोलापूर सिटी डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन’. कंपनी आली की राजकारण बाजूला राहते, असा यामागचा विश्वास. १९९१ नंतर रुजलेला हा विश्वास हीसुद्धा एक विचारसरणीच; फक्त तिला झेंडा नाही.

सोलापूरला झेंड्यांची सवय जुनी. १९३० साली इथल्या नगरपालिकेने आपल्या इमारतीवर तिरंगा फडकावला. मे महिन्यात मार्शल लॉ आला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन फासावर गेले. पुढे गिरणी आणि विडी कामगारांत लाल बावटा रुजला. नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली कुंभारीत विडी कामगार स्त्रियांसाठी गोदूताई परुळेकरांच्या नावाने १०,००० घरे झाली. २००६ मध्ये ती मनमोहन सिंग यांच्या हस्ते दिली गेली. रे नगरच्या ३०,००० घरांपैकी १५,००० घरे १९ जानेवारी २०२४ रोजी नरेंद्र मोदींनी सुपूर्द केली. मागणी कम्युनिस्टांची, सरकारे त्यांच्या विरोधकांची! मागे हटायला तयार नसलेली संघटना होती, म्हणूनच ही घरे उभी राहिली, असे माझे मत आहे.

पाण्याची गोष्ट वेगळी. एकरुखचा तलाव १८७१चा. वाढत्या शहराला तो पुरेना. मग सोलापूरसाठी उजनीतून भीमेच्या पात्रात पाणी सोडून ते औज बंधाऱ्यात अडवायचे, अशी पद्धत पडली. शंभराहून अधिक किलोमीटरच्या वाटेत त्यातले कितीतरी जिरते, उडून जाते. आणि नळ चार-पाच दिवसांआड. समांतर जलवाहिनी स्मार्ट सिटीच्या निधीतून हाती घेतली गेली, हे अभियानाचे सर्वांत शहाणे काम. चौक सुशोभित करण्याला मी त्या मानाने फारसे महत्त्व देत नाही.

पण वर पुणे आहे. त्याचे सांडपाणी मुळा-मुठा आणि भीमेतून उजनीतच उतरते. एप्रिल २०२१ मध्ये याच सांडपाण्याच्या हिशेबावर उजनीतले ५ टीएमसी पाणी इंदापूरला द्यायचे ठरले. सोलापूर जिल्हा पेटला आणि मे महिन्यात निर्णय मागे घ्यावा लागला. त्या भांडणात डावे-उजवे असे काही उरले नव्हते. एकाच सत्ताधारी आघाडीतली माणसे आपापल्या तालुक्याच्या बाजूने उभी होती. घरांच्या लढ्यात विचारसरणी कामाला आली. धरणाच्या काठावर मात्र ज्याचा त्याचा तालुका हाच पक्ष झाला.

३१ मार्च २०२५ रोजी अभियान संपले. वैराग आता ग्रामपंचायत राहिलेली नाही, नगरपंचायत झाली आहे. म्हणजे उजनीच्या रांगेत आणखी एक गाव ‘शहर’ म्हणून उभे राहणार.